तिळगूळ आधी कोणाला द्यायचा?



गुडघे आता उभे राहू देत नाहीत. म्हणून नारदांची गादी तरुण मंडळींच्या स्वाधीन करून मी अलीकडे श्रोत्यांत बसतो. पंचेचाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो, पण बसल्यावर जे दिसते ते उभे राहून कधी दिसले नव्हते. मला आता मुले दिसतात. कोणी आईच्या मांडीवर झोपलेले असते, कोणी टाळकऱ्यांच्या ओळीत शेवटी उभे राहून हाताला जड होणारे टाळ वाजवत असते, कोणी काल्याच्या लाह्या कधी मिळतील इकडे डोळे लावून बसलेले असते. आपण गादीवरून जे बोलतो ते मोठ्यांसाठी असते असे आपण समजतो. पण ही मुलेही ऐकत असतात, आणि मोठ्यांपेक्षा नीट ऐकतात. त्यासंबंधी आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

एका सप्ताहात काल्याचे कीर्तन झाल्यावर एक लेकुरवाळी बाई दर्शनाला आली. म्हणाली, "महाराज, पोरगा सहा वर्षांचा आहे. सणाला सांगितलं ते सगळं करतो, पण प्रत्येक वेळी 'का?' म्हणून विचारतो. मला उत्तर येत नाही. त्याला काय सांगू?" मी तेव्हा तिला ठरावीक उत्तर दिले. त्याला संतांच्या गोष्टी सांगा, हरिपाठाला बसवा, आपोआप कळेल, असे म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ते अपुरे का होते हे मला पुढे एका मुलानेच शिकवले. ते सांगण्याआधी थोडा पूर्वपक्ष पाहू.

मुलाने "का?" म्हटले की घरात तीन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, "असंच करायचं असतं, आपल्यात पद्धत आहे." यात खोटे काही नाही, पण याने मुलाचा प्रश्न संपतो आणि प्रश्न संपला की गोडीही संपते. दुसरे उत्तर शिकल्या-सवरल्या घरांत फार ऐकू येते. प्रत्येक सणामागे शास्त्रीय कारण आहे, ते मुलांना सांगावे. थंडीत अंगाला स्निग्धपणा आणि ऊब लागते म्हणून तीळ आणि गूळ, बाजरीची भाकरी आणि लोणी. हे खरेच आहे, आपल्या आज्यांना ते पुस्तकाशिवाय कळत होते. पण माउली, सण तेवढाच असता तर तिळाचा लाडू कपाटामागे बसून एकट्याने खाल्ला तरी संक्रांत झाली असती. ऊब अंगाला मिळाली असती. मग तो वाटीत घालून दुसऱ्याच्या दारी कशाला न्यायचा, याचे उत्तर या शास्त्रात नाही.

तिसरे उत्तर भीतीचे. "नमस्कार कर, नाहीतर देव रागावेल." "नैवेद्याआधी खाल्लंस तर बाप्पा शिक्षा करील." हे उत्तर देणारी माणसे मनाने वाईट नसतात, घाईत असतात. पण आपण वारकरी विठोबाला काय म्हणतो? माउली म्हणतो. विटेवर उभी राहून लेकराची वाट पाहणारी आई म्हणतो. जिला आपण आई म्हणतो, तिचेच भय लेकराला घालायचे, हे कोणत्या परंपरेत बसते? लहानपणी ज्या देवाची भीती बसली, त्या देवापुढे मोठेपणी माणूस एक तर थरथरतो, नाही तर पाठ फिरवतो. पंढरीच्या वाटेवर नाचत जाणारा मात्र त्यातून होत नाही.

मग करावे काय? मला वाटते, लहान मुलाला सण आधी हाताने कळतो, मग डोळ्याने, आणि कानाने सर्वांत शेवटी. आपण उलट्या क्रमाने जातो म्हणून घोटाळा होतो. संक्रांतीचेच घ्या.

बोरन्हाण ठाऊक आहे ना? पाच वर्षांच्या आतल्या लेकराला काळे कपडे घालतात, हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओततात. भोवती जमलेली पोरे ते सगळे वेचून खातात. पाटावरचे लेकरू हसत असते. त्याला कोणी काहीच समजावून सांगितलेले नसते. पण त्याच्या डोक्यावर जे पडले ते इतरांनी वेचले, आणि इतरांनी वेचले म्हणूनच मजा आली, एवढे त्याच्या अंगात मुरते. वाटून खावे हा उपदेश त्याला कानाने करायचा तर दहा वर्षे लागतील.

भोगीची भाजी पाहा. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, शेंगा, बोरे असे शिवारात त्या वेळी जे असेल ते सगळे एका भांड्यात. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी सुगडे पूजतात. सुगड कुंभाराच्या चाकावरून येते, आतला माल मळ्यातून येतो. नातवाला मी सुगडे आणायला बरोबर न्यायचो आणि सांगायचो, बाळा, तेरच्या गोरोबाकाकांचं हे काम. गाजर धुताना सांगायचो, अरणच्या सावता महाराजांचं हे काम. अंगरखा घालताना नामदेवरायांची आठवण द्यायचो, ते शिंप्याच्या घरचे. सणाच्या एका ताटात किती हात असतात, आणि त्या प्रत्येक हाताचा एक संत आपल्याकडे आहे. मुलाला हे एवढे दाखवले की कुणाचे काम हलके आणि कुणाचे भारी हा विचार त्याच्या मनात शिरायला जागा उरत नाही.

इथपर्यंत मी शिकवण्यात हुशार होतो. आता दृष्टांत ऐका, आणि मग माझी फजिती.

परंपरा सांगते की नामदेवराय लहान असताना त्यांचे वडील दामाशेटी रोज विठ्ठलाला नैवेद्य नेत असत. एकदा त्यांना परगावी जावे लागले आणि नैवेद्य नेण्याचे काम बाळ नामदेवाकडे आले. बाळाने ताट देवापुढे ठेवले आणि देव जेवण्याची वाट पाहत बसला. देव जेवेना. बाळ विनवू लागले, रडू लागले, आता पायावर डोके आपटीन म्हणाले. तेव्हा देव जेवला. घरी रिकामे ताट पाहून गोणाई चकित झाली. वडील परत आले, त्यांनाही खरे वाटेना.

ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेल. श्रोते बाळ नामदेवाचे कौतुक करतात, डोळे पुसतात. पण या कथेत मोठ्या माणसांकडे कोणी पाहत नाही. दामाशेटी भाविक गृहस्थ होते, रोज न चुकता ताट नेत होते. ताट दाखवायचे आणि परत आणायचे, ही रीत त्यांना ठाऊक होती. बाळाला ती रीत कोणी सांगितली नव्हती. त्याला एवढेच सांगितले होते की देवाला जेवू घाल. त्याने शब्द खरा मानला. मोठ्या माणसाने शब्द बोलायचा आणि मुलाने तो खरा मानायचा, इथे सगळी गाठ आहे. मुलाला सण शिकवणे म्हणजे आपले शब्द खरे मानणारे कोणीतरी घरात उभे करणे.

आता माझे सांगतो. आमचे गाव नीरेच्या खोऱ्यातले. वडिलार्जित जमीन दोघा भावांत, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून धाकट्या भावाशी माझे बिनसले. शब्दाने शब्द वाढला, बांधापर्यंत गेला, आणि बोलणे बंद झाले. घरे समोरासमोर, मध्ये एक अंगण, आणि अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. या अकरा वर्षांत माझी कीर्तने चालू होती बरे का. बाराव्या अध्यायातली भक्ताची लक्षणे मी गावोगाव सांगत होतो. पसायदानाने सांगता करत होतो. जीवाजीवांची मैत्री जुळावी म्हणून हात जोडून मागत होतो आणि घरी येऊन समोरच्या दाराकडे पाठ करून बसत होतो.

संक्रांतीच्या आदल्या रात्री सात वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन मी म्हणालो, "उद्या घरोघर तिळगूळ द्यायचा. आणि ज्याच्याशी भांडण झालं असेल, त्याला आधी द्यायचा. मनात राग ठेवून तिळगूळ वाटला तर तो गोड लागत नाही." वाक्य चांगले होते. कीर्तनात म्हणायचोच मी ते.

सकाळी डबा घेऊन पोरगा निघाला. शेजारच्या मुलाशी गोट्यांवरून त्याचे भांडण होते, आधी त्याच्याकडे गेला. परत आला तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "आबा, माझं भांडण मिटलं. तुमचं कुणाशी आहे?"

मी गप्प. तोच म्हणाला, "धाकट्या आबांशी ना? मग त्यांना आधी द्यायचा ना?"

मी म्हणालो, "ते घरी नसतील रे."

पोराने वळून पाहिले. "हे काय, ओट्यावर बसलेत."

मी सातवीत शिकणाऱ्या पोराशी नव्हे, सात वर्षांच्या लेकराशी खोटे बोललो, तेही संक्रांतीच्या सकाळी. मग पुन्हा म्हणालो, "तू जा खेळायला." तो गेला, पण खेळायला गेला नाही. अंगण ओलांडून भावाकडे गेला. मला इथून सगळे दिसत होते. भावाने त्याला जवळ घेतले आणि विचारले, "कोणी पाठवलं?" पोराने जे उत्तर दिले ते मला नंतर कळले. तो म्हणाला, "मीच आलो. आबांनी सांगितलंय, ज्याच्याशी भांडण आहे त्याला तिळगूळ आधी द्यायचा."

तो खोटे बोलला नाही. शब्द माझेच होते. भावाला वाटले, निरोप माझाच आहे. त्याने आत जाऊन आपल्या घरचा तिळगूळ आणला, पोराच्या डब्यात घातला आणि म्हणाला, "हा आबांना दे."

तो तिळगूळ मला तोंडात घालवेना. कोनाड्यात ठेवला. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ द्यायची रीत आहे, तेवढी मुदत मी घेतली. रोज कोनाड्याकडे पाहायचो. रथसप्तमीच्या सकाळी उठलो, अंगण ओलांडले. भाऊ ओट्यावरच होता. "ये," म्हणाला. एवढेच. पाळीचा वाद त्या दिवशी सुटला नाही. त्याला आणखी दोन उन्हाळे लागले आणि थोडे मलाच मागे सरावे लागले. पण बोलत बोलत सुटला.

आता इथे एक रास्त शंका येईल. जो स्वतः वागत नाही त्याने मुलाला शिकवूच नये काय? तसे म्हटले तर शिकवायला कोणी उरणार नाही. माझ्यासारख्या राग धरणाऱ्याने मैत्री सांगू नये, कंजुषाने दान सांगू नये, मग घरात काय, नुसते मौन पाळायचे? मी यावर पुष्कळ विचार केला. त्या संक्रांतीला माझी चूक कोणती होती? भावाशी भांडण होते ही चूक होतीच, पण ती जुनी. नातवाला चांगले वाक्य सांगितले ही चूक नव्हती. त्या वाक्यानेच तर पुढे मला अंगण ओलांडायला लावले. त्या दिवसाची चूक एकच होती. पोराने खरे विचारले आणि मी म्हणालो, "ते घरी नसतील." शिकवणारा पूर्ण असलाच पाहिजे असे नाही, पण मुलाने बोट ठेवले तेव्हा त्याने लपू नये. मला म्हणता आले असते, "होय बाळा, माझं चुकतंय. मला जाववत नाही. तू जातोस का माझ्यासाठी?" तेवढ्याने त्याला सणही कळला असता आणि माणूसही.

यात कमीपणा मानू नये. मुक्ताबाई सर्व भावंडांत धाकट्या. ज्ञानोबाराय ताटी लावून आत बसले तेव्हा दार उघडण्याची विनवणी या धाकट्या बहिणीने केली, आणि ताटी उघडली. ते ताटीचे अभंग आजही आपण गातो. चौदाशे वर्षांचे म्हणून ज्यांची कथा सांगतात त्या चांगदेवांनी याच लहान मुक्ताईला गुरू केले. आपला संप्रदाय लहानांकडून शिकण्यावर उभा आहे. मग आपल्या घरातल्या लेकराने दारावर थाप मारली की आपल्यालाच राग का यावा?

दुसरी थापही त्याच सणात पडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी थोरली बहीण, आक्का, माजघरात बसली होती. तिचे यजमान जाऊन वीस वर्षे झाली. पोराने सुनेला विचारले, "आई, सगळ्यांना वाण दिलंस, आक्काआजीला का नाही?" सून माझ्याकडे बघू लागली. मी या वेळी लपलो नाही. म्हणालो, "बाळा, ही आपल्यात जुनी रीत आहे आणि ती मला बरोबर वाटत नाही. इतकी वर्षं मी ती चालू दिली." वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला ती सवाष्ण की विधवा, कोणी विचारतो काय? बुक्का सर्वांच्या कपाळी एकच. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला वाटले, जे गावाने ठराव करून केले ते वारकऱ्याच्या घरात ठरावाशिवाय व्हायला हवे होते. सुनेने आक्काला बाहेर आणून सर्वांत बसवले. आक्काने कुंकू लावून घेतले नाही, "मला आता सवय नाही गं," म्हणाली. पण वाण घेतले, आणि उठून गेली नाही. तिच्या मनाविरुद्ध तिला कुंकू लावणे हीही जबरदस्तीच झाली असती. पोराला दोन्ही गोष्टी दिसल्या.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग मुलाचा भाव हाच खरा, त्याला पुढे काही शिकवायची गरज नाही. तसेही नाही. ज्या नामदेवांच्या हातचा नैवेद्य देव जेवला, त्याच नामदेवांना संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखले आणि मडके कच्चे ठरले. मग ते विसोबा खेचरांना शरण गेले. बालपणचा भाव ही उत्तम माती आहे. चाकावर आकार सणवार देतात. पण भाजणी पुढे व्हायची असते, ती सद्गुरू आणि अनुभव करतात. आईबापांनी माती चाळून द्यावी, तिच्यात आपल्या खोटेपणाचे खडे राहू देऊ नयेत. खडा राहिलेले मडके भाजताना तडकते, हे कुंभाराला विचारा.

तेव्हा माउली, त्या बाईला जे सांगायचे राहिले ते आता तुम्हाला सांगतो. तीन-चार वर्षांच्या लेकराला उपदेश नको, काम द्या. तुळशीला पाणी घालू द्या, तीळ निवडू द्या, लाडू वेडेवाकडे झाले तरी त्यालाच वळू द्या. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याची वस्तू द्या आणि कोणाला द्यायची हे त्याला ठरवू द्या. घरी धुणेभांडी करणारी बाई, कचरा नेणारा माणूस, वरच्या मजल्यावरचे एकटे म्हातारे, त्याच्या यादीत तुम्ही विसरलेली माणसे निघतील. त्यानंतर गोष्टी सांगा, त्याही कारणांसकट. "का?" विचारले आणि ठाऊक असेल तर सांगा. ठाऊक नसेल तर "मलाही ठाऊक नाही, आपण विचारू," म्हणा. आणि प्रश्न तुमच्या वागण्यावर आला तर घाईने त्याला खेळायला पाठवू नका. त्या घटकेला तुमच्या घरी खरा सण चालू असतो.

आमच्या घरी अजून एक रीत पडली आहे. संक्रांतीच्या आदल्या रात्री नातू, आता तो बराच मोठा झाला आहे, मला विचारतो, "आबा, यंदा आधी कुणाला?" दरवर्षी मला थोडा विचार करावा लागतो. कोणी ना कोणी निघतेच. एखाद्या वर्षी कोणीच निघाले नाही तर मी समजेन की पांडुरंगाने कृपा केली. तोवर डबा भरून तयार ठेवतो.

तुम्हीही आपल्या लेकरांना तेवढे विचारू द्या. संतांच्या चरणी हीच सेवा.

रामकृष्णहरि.